आधी पाणी, मग डबलबार

आपल्याकडे श्रीमंत माणसाला पुण्य मिळवायचं असलं की वाटा ठरलेल्या असतात. अन्नछत्र घालावं, धर्मशाळा बांधावी, नदीला घाट बांधावा, देवळाचा कळस सोन्यानं मढवावा, आणि हात फारच आखडता असेल तर एसटी स्टँडवर पाणपोई घालून तिच्यावर आईवडिलांची नावं कोरावीत. या सगळ्या दानांत घेणाऱ्याचं काम सोपं असतं. तो जेवतो, आडवा होतो, नदीत डुबकी मारतो, ओंजळभर पाणी पितो आणि दुवा देऊन पुढच्या गावाला लागतो. दान घेतलं आणि अंगाला घाम फुटला, दंड भरून आले, दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना, असं कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

म्हणून ज्या शेटजीनं पदरचे पैसे घालून शहरातल्या लोकांसाठी उघड्यावर जिम्नॅशियम उभारलं आणि 'या, फुकट आहे' असं म्हटलं, त्याच्याविषयी मला आदर आहे. थोडी भीतीही आहे. शाळेत आम्हाला दोरावर चढायला लावत. वरपर्यंत जाऊन तुळईला हात लावून येणारी मुलं वेगळ्याच मातीची होती. मी खाली उभा राहून दोराचं टोक धरून ठेवायचं काम मन लावून करत असे. ते कुणीतरी करावंच लागतं. व्यायामाच्या इतिहासाकडे मी आजही त्याच जागेवरून पाहतो.

या शेटजीचं नाव चार्ल्स पिअर मेली. गाव लिव्हरपूल, राज्य व्हिक्टोरिया राणीचं, जन्म १८२९ चा. घराणं मूळचं जिनिव्हाचं. वडील आंद्रे मेली व्यापारात पैसा मिळवायचे आणि उरलेल्या वेळात भुंगे गोळा करायचे. भुंग्यांचा नाद इतका वाढला की कीटकशास्त्रज्ञांच्या मंडळींत त्यांचं नाव झालं. १८५१ मध्ये ते नाईलच्या काठाकाठानं लांब आत प्रवासाला गेले असता तिकडेच वारले. इथं कुठल्याही लेखकाची बोटं शिवशिवतील. बाप वाळवंटात गेला, म्हणून मुलानं तहानलेल्यांना पाणी पाजायचा वसा घेतला, असं लिहून टाकावं, वाचक डोळे पुसतील. पण मेलीशेठच्या पाणपोयांचं मूळ दुसरीकडे आहे, आणि ते इतकं साधं आहे की त्यानं कुणी रडणार नाही. तो जिनिव्हाला गेला, तिथं चौकाचौकांत पाणी वाहताना पाहिलं आणि आपल्या गावात हे का नाही, असं त्याच्या मनात आलं.

तसं आपल्याही मनात येतं. परदेशवारी करून आलेला प्रत्येक माणूस आठवडाभर तरी 'तिकडे कसं स्वच्छ, आपल्याकडे का नाही' हे ऐकवतो. आठव्या दिवशी तो चिवड्याचा कागद गाडीच्या काचेतून बाहेर सोडतो आणि पुन्हा आपला होतो. मेलीशेठचं तसं झालं नाही. तो गोदीवर चौकशी करत फिरला.

लिव्हरपूलची गोदी तेव्हा जगातल्या गजबजलेल्या बंदरांपैकी एक. अमेरिकेतून कापसाच्या गाठी यायच्या, इंग्लंड-आयर्लंडमधून देश सोडून निघालेली माणसं अमेरिकेकडे जायची. हमालांच्या पाठी दिवसभर वाकलेल्या आणि बायकापोरं बोचकी घेऊन जहाजाची वाट पाहत बसलेली. या सगळ्यांना तहान लागली तर करायचं काय? पाण्यासाठी गुत्त्यात जायचं. गुत्तेवाल्यानं पाणी विकायला दुकान मांडलेलं नसतं. माणूस पाण्याचं निमित्त करून आत जायचा आणि बिअरचं निमित्त करून बाहेर यायला विसरायचा. मेलीशेठनं १८५४ मध्ये प्रिन्सेस डॉकवर पहिली पाणपोई बसवली. पुढच्या चार वर्षांत त्या त्रेचाळीस झाल्या. ॲबर्डीनच्या लालसर ग्रॅनाइटच्या, देखण्या, पिढ्यान् पिढ्या टिकतील अशा. त्या काळच्या इंग्रजी पाणपोयांना पेला साखळीनं बांधलेला असे, हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पाणपोईचा पेला आणि पोस्टातलं पेन साखळीवाचून टिकत नाही, हा अनुभव साहेबालाही होता तर.

या पाण्याचा ओघळ पुढे लांबवर गेला. लिव्हरपूलचं पाहून लंडनमध्ये सॅम्युएल गर्नी नावाच्या गृहस्थानं १८५९ मध्ये फुकट पाणपोया बांधणारी संस्थाच काढली. आणि दहा वर्षांनी, १८६९ मध्ये, त्याच संस्थेमार्फत रीजंट्स पार्कात एक भलीमोठी संगमरवरी पाणपोई उभी राहिली, तिचा खर्च केला आपल्या मुंबईच्या सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. कावसजींनी मुंबईत चाळीस पाणपोया बांधल्या होत्या. एवढ्यानं त्यांची तहान भागली नाही, म्हणून त्यांनी लंडनकरांनाही पाणी पाजलं. इंग्रजांचे आभार मानण्यासाठी ही पाणपोई आहे असं तिच्यावर कोरलेलं आहे. ज्यांनी आपल्याला इतकी वर्षं पाणी पाजलं त्यांना परत पाणी पाजण्याचा इतका सभ्य मार्ग दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

पण मला मेलीशेठचं कौतुक पाणपोयांपेक्षा त्यानं पुढे जे केलं त्याचं अधिक आहे. पाणी झाल्यावर त्यानं जागोजागी बाकडी ठेवली. बाकडी झाल्यावर उघड्यावरचं जिम्नॅशियम दिलं. हा क्रम पाहा. आधी पी, मग बस, मग ऊठ आणि लोंबकळ. व्यायामाचा प्रचार करणारी बहुतेक मंडळी हा क्रम उलटा लावतात. पहाटे पाचला दार वाजवून ते थेट तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात, आणि पाणी मागितलं तर 'व्यायामानंतर लगेच पिऊ नये' असं सांगतात. मेलीशेठला बहुधा हे कळलं होतं की ज्याच्या घशाला कोरड पडली आहे आणि जो सकाळपासून उभा आहे त्याला सुदृढ शरीराचं महत्त्व पटवायला गेलं तर तो आपल्या सुदृढ शरीराचा उपयोग आपल्यावरच करेल.

व्यायामाला आश्रय देणारे आपल्याकडे नव्हते असं नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयानं बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जन्म दिला. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधलं, आणि तालमीतल्या मल्लांच्या दुधातुपाला कधी कमी पडू दिलं नाही. पण हा आश्रय मल्लाला. बाकीच्या प्रजेनं मैदानाच्या कडेला बसून 'हाण, हाण' म्हणायचं आणि कुस्ती निकाली झाली की फेटे उडवायचे. व्यायामाचा हा प्रकार मला व्यक्तिशः मानवतो. मेलीशेठनं मात्र मल्ल शोधला नाही. त्यानं दांडे उभे केले आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही ते धरू दिले.

जिम्नॅस्टिक्स ही तेव्हा इंग्लंडात बाहेरून आलेली गोष्ट होती. डबलबार ही जर्मनीच्या फ्रीडरिश यानची करामत. त्यानं १८११ मध्ये बर्लिनबाहेर हाझनहाइडच्या माळावर पोरं गोळा करून त्यांना उघड्यावर कसरती शिकवायला सुरुवात केली. लिव्हरपुलात हे लोण एका फ्रेंच उस्तादानं रुजवलं, त्याचं नाव लुई युगेनँ. आणि इंग्रजी जिम्नॅशियममध्ये भिंतीला जे 'इंडियन क्लब्ज' टांगलेले असत ते आपल्याकडचेच मुद्गल. हिंदुस्थानातल्या पलटणींतल्या गोऱ्या सोजिरांनी इथले पैलवान मुद्गल फिरवताना पाहिले, त्यातले जरा हलके निवडून ते मायदेशी नेले, आणि मग तिकडच्या मडमाही ते संगीताच्या तालावर फिरवू लागल्या. पुढे तेच हलके, रंगवलेले मुद्गल आपल्या शाळांत कवायतीला परत आले आणि आम्ही ते साहेबाचे समजून पंधरा ऑगस्टला हलवले. गदेचा वंशज हातात असताना चेहऱ्यावर आणता येईल तेवढा कंटाळा आम्ही आणत असू.

त्या युगेनँ उस्तादाचा एक शागीर्द होता, जॉन हली. मेलीशेठच्या गोष्टीत हा माणूस शिरला आणि मग शेटजी मागे पडले ते पडलेच. हली म्हणजे व्यायामाचं वेड घेतलेला, हजरजबाबी, नटवा, स्वतःला 'जिम्नॅसिआर्क' अशी ग्रीक पदवी लावून घेणारा गृहस्थ. आपल्याकडेही कुठल्याही संस्थेत ही जोडी असतेच. एक अध्यक्ष, एक कार्यवाह. अध्यक्षानं पैसे द्यायचे, शाल घ्यायची आणि शेवटी दोन शब्द बोलायचे. कार्यवाहानं सतरंज्या घालण्यापासून वर्तमानपत्रात बातमी पोचवण्यापर्यंत सगळं करायचं आणि इतिहासात जाऊन बसायचं. १८६२ मध्ये लिव्हरपूल अॅथलेटिक क्लब निघाला, तेव्हा मेली अध्यक्ष आणि हली कार्यवाह. त्याच वर्षी १४ जूनला माउंट व्हर्ननच्या परेड ग्राउंडवर त्यांनी 'ग्रँड ऑलिंपिक फेस्टिव्हल' भरवला आणि बघायला हजारोंनी माणसं लोटली. अथेन्सचं आधुनिक ऑलिंपिक अजून चौतीस वर्षं दूर होतं, आणि बॅरन द कुबर्तीन अजून जन्मालाही यायचे होते. ते पुढच्या वर्षी आले. त्यामुळे ऑलिंपिकचे जनक कोण या वादात लिव्हरपूलकर निदान वयानं तरी मोठे आहेत.

आता या फेस्टिव्हलमधली एक गोष्ट मला अडकते. भाग घ्यायला परवानगी होती ती फक्त 'जंटलमन अॅमॅच्युअर' मंडळींना. म्हणजे हातानं काम करून पोट भरणाऱ्यानं यायचं नाही. त्याच सुमाराला वेल्सच्या सीमेजवळच्या मच वेनलॉक या खेड्यात डॉक्टर विल्यम पेनी ब्रूक्स अशाच स्पर्धा भरवत होता, पण त्याच्याकडे गावातला कुणीही धावू शकत असे. लिव्हरपुलात मात्र दिवसभर कापसाच्या गाठी उचलणारा हमाल वजन उचलण्यात सभ्य गृहस्थांना हरवील, ही शंका रास्त असल्यामुळे त्याला बाहेर ठेवलं. एका हातानं सगळ्यांसाठी उघडं जिम्नॅशियम देणारे मेलीशेठ दुसऱ्या हातानं या नियमाच्या अध्यक्षस्थानी कसे बसले, हे कोडं आहे. माझा अंदाज असा की ते अध्यक्ष होते, आणि नियम कार्यवाह करतो. अध्यक्षानं नियमावली वाचलेली संस्था मी तरी अजून पाहिलेली नाही. तरीही हा डाग आहेच, आणि शेटजी मला आवडतात म्हणून तो मी पुसणार नाही.

हलीच्या उत्साहाला पुढे छप्पर मिळालं. मर्टल स्ट्रीटवर मोठं बंदिस्त जिम्नॅशियम बांधलं गेलं. ६ नोव्हेंबर १८६५ ला त्याचं उद्घाटन केलं लॉर्ड स्टॅन्लीनं. हा तोच स्टॅन्ली, जो १८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपल्यावर हिंदुस्थानचा पहिला कारभारी मंत्री झाला होता. आपला देश ताब्यात घेतला आणि सात वर्षांनी व्यायामशाळेची फीत कापली, राजकारण्याच्या आयुष्याचा हा प्रवास आजही ओळखीचा वाटतो. मुंबईच्या दृष्टीनंही ते साल विसरण्यासारखं नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं तोवर तिकडचा कापूस अडला होता, लिव्हरपूलचा भाव कडाडला होता, आणि त्या भावावर मुंबईचे शेटजी रोज नव्यानं श्रीमंत होत होते. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळला आणि मुंबईत भल्याभल्यांची दिवाळी निघाली. तिकडे लिव्हरपुलात लोक दांड्यावर उलटे होत होते, इकडे मुंबईत सुलटे उभे असलेले उलटे झाले.

त्याच मर्टल स्ट्रीटच्या इमारतीत त्याच दिवसांत नॅशनल ऑलिंपियन असोसिएशनची स्थापना झाली. वेनलॉकचा डॉक्टर ब्रूक्स, लंडनच्या जर्मन जिम्नॅस्टिक सोसायटीचा राव्हेनश्टाइन आणि हली असे तिघे एकत्र आले. त्यांचा पहिला मेळा पुढच्या वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला भरला. तिथली एक हकिकत क्रिकेटवेड्या वाचकांसाठी सांगतोच, विषयाला सोडून आहे हे मान्य करून. डब्ल्यू. जी. ग्रेस नावाचा नुकताच अठराचा झालेला मुलगा ओव्हलवर सरेविरुद्ध सामना खेळत होता. त्यानं नाबाद २२४ धावा काढल्या, आणि सामना चालू असतानाच कप्तानाची परवानगी घेऊन तो क्रिस्टल पॅलेसला गेला आणि ४४० यार्डांची अडथळ्यांची शर्यत जिंकून आला. कप्तानानं जाऊ दिलं! मुख्य काम झालं होतं, आता ग्रेसनं सीमारेषेवर उभं राहण्यापेक्षा कुठंतरी पळून आलेलं बरं, असा त्यानं विचार केला असावा. पुढच्या आयुष्यातली ग्रेसची दाढी आणि पोट पाहिलेल्यांना हा पुरावा दाखवला तरी पटत नाही.

हलीचं डोकं दांड्यांवर थांबलं नाही. नव्यानं आलेली व्हेलॉसिपीड, म्हणजे लाकडी चाकांची, हाडं खिळखिळी करणारी सायकल, त्यानं डोक्यावर घेतली आणि १८६९ मध्ये जिम्नॅशियममध्ये सायकलींची टूर्नामेंट भरवली. पूर्वीचे सरदार घोड्यावरून भाले घेऊन एकमेकांवर धावत, तसे लिव्हरपूलचे सभ्य गृहस्थ सायकलवरून धावले. त्याच साली हलीनं लग्न ठरवलं, आणि लग्नाच्या दिवशी मुलीच्या घरच्यांनी मुलीलाच कोंडून ठेवलं. शेवटी लग्न झालं. सायकलवर भाला घेऊन बसणारा जावई कोणत्या बापाला चालेल, हा प्रश्न मी मुलींचे बाप असलेल्या वाचकांवर सोडतो. आणि शरीरसंपदेचा हा एवढा मोठा पुरस्कर्ता १८७५ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याच्या कबरीचं लोकांना विस्मरण झालं होतं. २००९ मध्ये काही चाहत्यांनी ती शोधून नीट केली, तेव्हा वर्तमानपत्रांत पुन्हा त्याचं नाव आलं. कार्यवाहाचं शेवटी निघतंच.

मेलीशेठ १८८८ पर्यंत होते. लिव्हरपूलचं विस्तीर्ण सेफ्टन पार्क १८७२ मध्ये खुलं झालं, त्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. पुन्हा तोच प्रकार. लोकांना येऊन बसायला, चालायला, हुंदडायला जागा करून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. ते स्वतः दांड्यावर कधी लोंबकळले का, मला ठाऊक नाही, आणि त्यांनी लोंबकळू नये असंच मला वाटतं. दोराचं खालचं टोक धरणाऱ्यांना एक तरी मोठा पूर्वज असायला हवा.

आमच्या भागातल्या बागेतही आता ओपन जिम आली आहे. पिवळी-निळी यंत्रं, आणि त्यांच्या शेजारी 'अमुकतमुक यांच्या निधीतून' असा फलक, त्यावर हात जोडलेला फोटो. फलक यंत्रापेक्षा उंच आहे आणि खरं तर चढायला तोच अधिक चांगला आहे. इथं क्रम मेलीशेठच्या उलटा लागला. आधी यंत्रं आली. बाकडी मागवली आहेत असं कळतं. नळ आहे, त्याला पाणी यायचं आहे. त्यामुळे लोकांनी आपल्यापुरती व्यवस्था लावून घेतली आहे. पाय मागेपुढे करायच्या यंत्रावर दोन आजोबा शेजारी शेजारी बसून पेन्शनचा विषय काढतात. खांदे फिरवायच्या चाकाला कुणाचीतरी डब्याची पिशवी अडकवलेली असते. छाती रुंद करायच्या यंत्राची खुर्ची सावलीत येते, म्हणून तिथं संध्याकाळी एक आजी गवार मोडत बसलेल्या असतात.

परवा एका नव्या उत्साही तरुणानं त्यांना अदबीनं सांगितलं, "आजी, हे ओढायचं असतं. दोन्ही हातांनी. असं."

आजींनी त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "ओढते रे बाळा," त्या म्हणाल्या, "पण पाव किलो राहिलीय अजून. तू मोकळाच दिसतोस. घे, ह्या शिरा काढ."

आणि तो खरंच शिरा काढायला बसला.